मोबाइलची रेंज वाढविणारी पट्टी : समज आणि वस्तुस्थिती

गावात पक्की सडक आली, वीज आली, नळाचे पाणी आले की गाव सुधारला, असे एके काळी मानले जात असे. आता या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे मोबाइलची रेंज. भारतातील पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या दिवशी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले. त्या काळी श्रीमंतांच्या हाती दिसणारे हे यंत्र आज शेतमजुराच्या खिशातही असते. रेशनची नोंद, बँकेचा संदेश, आजाऱ्यासाठी रुग्णवाहिका आणि परगावी शिकणाऱ्या मुलाची खुशाली या सर्वांची वाट आता त्यातूनच जाते.

परंतु यंत्र हाती असले तरी त्याला रेंज मिळेलच असे नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील कित्येक वाड्यांना याचा नित्य अनुभव आहे. २०२० साली कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पाठ मोबाइलवरून होऊ लागले, तेव्हा सांगे तालुक्यातील काही डोंगराळ गावांतील मुलांना ते ऐकण्यासाठी डोंगरमाथा गाठावा लागला होता.

जेथे अडचण असते तेथे तिच्यावर तोडगा विकणारा पोहोचतोच. मोबाइलच्या पाठीवर किंवा बॅटरीवर चिकटवावयाची, सोनेरी अथवा तांबूस नक्षी असलेली एक पातळ पट्टी हा असाच एक तोडगा होय. ही पट्टी लावताच रेंज वाढते, संभाषण तुटत नाही आणि बॅटरीही अधिक काळ टिकते, असे सांगण्यात येते. या सांगण्यात तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पट्टी म्हणजे काय?

या पट्ट्या विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काही वर्षांत प्रथम परदेशांत मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. ही पट्टी लावणे म्हणजे मोबाइलला चार फूट लांबीचा अँटेना जोडण्यासारखे आहे, असा त्यांच्या जाहिरातींतील एक आवडता दावा असे. नावे आणि वेष्टने बदलून अशा पट्ट्या आजही विकल्या जातात.

पट्टीचे स्वरूप अगदी साधे असते. प्लॅस्टिकच्या किंवा कागदाच्या पातळ पापुद्र्यावर धातूच्या वर्खाची नागमोडी अथवा चौकोनी नक्षी उमटविलेली असते व मागे डिंक लावलेला असतो. तिला बॅटरी नसते, तार नसते आणि मोबाइलमधील विद्युत्‌मंडलाशी तिची कोणतीही जोडणी नसते. तिच्या दाव्याचे परीक्षण करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावयास हवी.

लहरींचा प्रवास

मोबाइलचे संभाषण विद्युत्‌चुंबकीय लहरींवर चालते. अशा लहरी असल्या पाहिजेत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताच्या आधारे दाखविले. हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगाने ते सिद्ध केले. पुढे काही वर्षांतच जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली. लहरी भिंत ओलांडून जातात, परंतु प्रत्येक भिंतीपाशी त्यांची काही शक्ती खर्ची पडते.

टॉवरवरून निघालेली लहर पाण्यात टाकलेल्या खड्याच्या तरंगाप्रमाणे पसरत जाते आणि पसरताना क्षीण होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तिची शक्ती एक चतुर्थांश उरते. वाटेत डोंगर, दाट झाडी, जाड चिऱ्याच्या भिंती किंवा पत्र्याचे छप्पर आले की ती याहूनही अधिक वेगाने घटते. खोल दरीतील कुळागरात रेंज मिळत नाही आणि वरच्या सड्यावर मात्र ती भरपूर असते, याचे कारण हेच होय. टॉवर आणि मोबाइल यांच्यामध्ये डोंगराची सोंड आडवी असली, तर त्या सोंडेच्या पलीकडे जणू लहरींची सावलीच पडते.

मोबाइलपर्यंत पोहोचणारी शक्ती किती अल्प असते, याची कल्पना सहसा नसते. ही शक्ती डेसिबलच्या एका मापाने मोजतात. त्यात एक मिलीवॅट म्हणजे शून्य धरतात आणि त्याहून कमी शक्ती उणे आकड्यांत दाखवितात. दर १० अंकांनी शक्ती दहापट कमी होते. या हिशेबाने उणे १०० हे माप एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढे ठरते. एवढ्या सूक्ष्म शक्तीवरही आधुनिक मोबाइल संभाषण घडवून आणतो. ज्या ग्रहणयंत्रणेची बारकाई इतकी आहे, तीत वर्खाच्या तुकड्याने सुधारणा होईल असे मानणे मुळातच कठीण आहे.

लांब अँटेना म्हणजे चांगला अँटेना?

चार फुटी अँटेनाचा दावा ऐकावयास भारदस्त वाटतो. पूर्वीच्या रेडिओला लांब तार बांधली की दूरची केंद्रे ऐकू येत, ही आठवण अनेकांच्या मनात असते, त्यामुळे तो खराही वाटतो. परंतु रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात, तर मोबाइलच्या लहरी अगदी आखूड असतात. ९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि १८०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची त्याच्या निम्मी. अँटेनाची लांबी त्याच्या लहरीशी जुळावी लागते. तंबोऱ्याची तार जशी विशिष्ट ताणावरच अपेक्षित सूर देते, तसेच हे आहे. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी पाव लहरीएवढा, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटरांचा अँटेना उत्तम काम देतो. तेथे चार फुटांचे प्रयोजनच नाही. मोबाइल बनविणारे अभियंते आतील अँटेना अनेक वारंवारतांशी काळजीपूर्वक जुळवून बसवितात. बाहेरून चिकटविलेला धातू या जुळणीत भर घालण्याऐवजी ती बिघडविण्याचाच संभव अधिक असतो.

येथे एक रास्त शंका निघू शकते. घरांच्या छपरांवर पूर्वी दिसणाऱ्या दूरदर्शनच्या अँटेनातही काही धातूच्या नळ्या तारेला जोडलेल्या नसत. तरीही त्यांचा उपयोग होत असे. मग पट्टीचा का होऊ नये? हा अँटेना जपानच्या तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केला. त्यातील न जोडलेल्या नळ्या लहरींना एका दिशेला वळवितात हे खरे आहे. परंतु त्यासाठी प्रत्येक नळीची लांबी आणि दोन नळ्यांतील अंतर लहरीच्या हिशेबाने ठरवावे लागते आणि अँटेनाचे तोंड केंद्राकडे रोखावे लागते. शिवाय एका दिशेला जे अधिक मिळते, ते इतर दिशांचे कमी करूनच मिळते. नवीन शक्ती निर्माण होत नाही, असलेलीच वळविली जाते. कोणत्याही मोबाइलवर, कोठेही आणि कशीही चिकटविलेली पट्टी या अटींपैकी एकही पुरी करीत नाही. त्यातच ती बॅटरीच्या धातूच्या आवरणावर सपाट चिकटविली, तर त्या मोठ्या धातूपुढे तिच्या नक्षीला काही अर्थच उरत नाही.

आणखी एक मुद्दा विसरता कामा नये. संभाषण दुहेरी असते. टॉवरचे मोबाइलने ऐकणे जेवढे आवश्यक, तेवढेच मोबाइलचे टॉवरने ऐकणेही आवश्यक असते. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर मोबाइलची कमाल प्रक्षेपणशक्ती साधारणतः ०.२ वॅट असते. रेंज कमी असेल तेथे तो आपण होऊन कमाल शक्ती वापरतो व म्हणूनच तेथे बॅटरी लवकर उतरते. ही शक्ती वाढवावयाची तर बाहेरून वीज पुरवावी लागेल. पट्टीजवळ वीज नाही. म्हणून ती ऐकण्यातही साहाय्य करीत नाही आणि बोलण्यातही करीत नाही.

मग काहींना फरक का जाणवतो?

"आम्ही स्वतः लावून पाहिली, रेघा वाढल्या," असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांनी जे पाहिले ते खरेच असते, मात्र त्याचे कारण पट्टी नसते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार आहे. त्याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, बॅटरी काढता येत असलेल्या मोबाइलमध्ये पट्टी आत लावण्यासाठी तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. सुरू होताच मोबाइल आसपासच्या सर्व टॉवरांचा नव्याने शोध घेतो व त्यांतील योग्य तो निवडतो. त्यापूर्वी तो एखाद्या दूरच्या टॉवरला धरून बसलेला असेल, तर या नव्या निवडीने रेंज खरोखरीच सुधारते. पट्टी न लावता मोबाइल नुसता बंद करून सुरू केला असता, तरी हाच परिणाम दिसला असता.

दुसरे कारण लहरींच्या स्वभावात आहे. टॉवरवरून निघालेली लहर सरळ येते, तशीच ती डोंगरावरून, भिंतीवरून आणि वाहनांवरूनही परावर्तित होऊन येते. या निरनिराळ्या वाटांनी आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना साथ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. त्यामुळे मोबाइल चार बोटे सरकविला, तरी मिळणारी शक्ती दहापट, क्वचित शंभरपटही बदलू शकते. माणूस जवळून गेला, दार लोटले, झाडे वाऱ्याने हलली, तरी आकडा बदलतो. पट्टी लावून मोबाइल पुन्हा टेबलावर ठेवताना तो नेमका त्याच जागी व त्याच दिशेने ठेवला जात नाही.

तिसरे कारण खुद्द त्या रेघांचे आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील चढत्या रेघा हे काही प्रमाणित माप नव्हे. किती शक्तीला किती रेघा दाखवावयाच्या, हे सर्वांसाठी एकसारखे ठरलेले नाही. म्हणूनच एकाच ठिकाणी, एकाच कंपनीचे सिम असलेले दोन मोबाइल निरनिराळ्या रेघा दाखवू शकतात. या संदर्भात २०१० सालचे एक उदाहरण बोलके आहे. ॲपल कंपनीचा आयफोन ४ बाजारात आला, तेव्हा तो विशिष्ट प्रकारे हातात धरल्यास रेंज घटते अशी ओरड झाली. त्या वेळी कंपनीने प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मान्य केले की, रेघांचा हिशेब करण्याचे सूत्रच चुकीचे होते आणि अनेक प्रसंगी असावयास हव्यात त्यापेक्षा दोन रेघा जास्त दाखविल्या जात होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीच्या रेघा फसव्या ठरू शकतात, तर केवळ रेघा पाहून पट्टीला प्रशस्तिपत्र देणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

शाळेत करता येईल असा प्रयोग

ज्या दाव्याची शहानिशा आपल्या हाती आहे, तो नुसता ऐकून मानू नये आणि नुसता ऐकून नाकारूही नये. माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांना पुढील प्रयोग वर्गात सहज करता येईल.

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये 'सेटिंग्ज' या विभागात 'फोनविषयी' व त्याखाली 'सिमची स्थिती' येथे रेंजचा नेमका आकडा मिळतो. हा आकडा उणे असतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यावर उणे ९० किंवा त्याहून बरा आकडा असल्यास रेंज चांगली व उणे ११० च्या खाली असल्यास ती कमजोर समजावी. प्रयोग संपेपर्यंत मोबाइल एकाच पिढीच्या जाळ्यावर राहील, याची दक्षता घ्यावी, कारण निरनिराळ्या पिढ्यांच्या आकड्यांची परस्परांशी तुलना होत नाही.

टेबलावर खडूने चौकोन आखून मोबाइलची जागा पक्की करावी. कागदी पुठ्ठ्याची दोन एकसारखी आवरणे तयार करावीत. एकाच्या आत पट्टी चिकटवावी व दुसऱ्याच्या आत तेवढ्याच आकाराचा साधा कागद चिकटवावा. एका विद्यार्थ्याने दर वेळी छापा-काटा करून त्याप्रमाणे आवरण निवडावे, ते मोबाइलच्या पाठीमागे ठेवावे आणि दूर व्हावे. आवरणात काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा दुसऱ्या विद्यार्थ्याने एक मिनिट थांबून आकडा वाचावा. याप्रमाणे प्रत्येक आवरणाची निदान वीस वाचने होईपर्यंत प्रयोग चालू ठेवावा. शेवटी दोन्हींची सरासरी काढावी. एकाच आवरणाचे आकडे आपापसांत किती वरखाली होतात, हेही पाहावे.

विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल की, पट्टी असो वा नसो, आकडे सतत बदलत असतात आणि एक-दोन वाचनांवरून काढलेला निष्कर्ष सहज फसवा ठरतो. त्यानंतर मोबाइल स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या वर्खात पूर्ण गुंडाळून आकडा पाहता येईल. धातू लहरींना अडवितो, ही गोष्ट त्यातून प्रत्यक्ष दिसेल. तपासणाऱ्याच्या मनातील अपेक्षा मोजमापात शिरू नये म्हणून ही काळजी घ्यावयाची असते. औषधांची परीक्षाही याच तत्त्वावर होते. पट्टी निमित्तमात्र आहे, पारख करण्याची ही रीत मुलांच्या हाती येणे अधिक मोलाचे आहे.

दुसरी पट्टी आणि टॉवरची भीती

याच जातीची आणखी एक पट्टी बाजारात असते. ती रेंज वाढविण्याचा नव्हे, तर मोबाइलमधून निघणारा किरणोत्सर्ग रोखण्याचा दावा करते. अशा पट्ट्या विकणाऱ्या दोन कंपन्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली, खोटे दावे केल्याबद्दल कारवाई केली. अशा पट्टीने लहरींना अडथळा झालाच, तर मोबाइल टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी उलट अधिक शक्ती वापरू लागेल, हेही त्या आयोगाने ग्राहकांना बजावले आहे. एक पट्टी लहरी वाढविते म्हणते व दुसरी लहरी अडविते म्हणते, आणि दोन्ही दिसावयास जवळजवळ सारख्याच असतात, एवढ्यावरून त्यांची किंमत कळून यावी.

हा मुद्दा येथे सांगण्याचे कारण असे की, अनेक गावांत टॉवरच्या लहरींच्या भीतीमुळे टॉवरलाच विरोध होतो आणि त्याच गावांत रेंज नाही ही तक्रारही असते. या भीतीची हेटाळणी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींचा समावेश 'कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता असलेल्या' गटात केला आहे. पुरावा मर्यादित असून शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली. मोबाइलमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या शक्तीलाही दर किलोग्रॅममागे १.६ वॅट ही मर्यादा घातली. बहुतेक मोबाइलवर *#०७# हा क्रमांक दाबल्यास त्या मोबाइलचे माप दिसते.

भौतिकशास्त्राचा साधा नियम मात्र ध्यानी घ्यावा. टॉवर दूर असतो, परंतु मोबाइल कानाला लागलेला असतो. टॉवर जितका दूर, तितका मोबाइल अधिक जोराने 'ओरडतो', आणि तो ओरडतो ते कानापाशीच. म्हणजे टॉवर हटविल्याने वापरणाऱ्याच्या डोक्याजवळील लहरी कमी होत नाहीत, उलट त्या वाढतात. टॉवर कोठे असावा याबाबत ग्रामस्थांनी प्रश्न विचारणे योग्यच आहे, पण ते विचारताना ही दुसरी बाजूही मांडली जावी.

खरे वर्धक यंत्र आणि कायदा

रेंज वाढविणारे यंत्र अस्तित्वातच नाही, असे मात्र नाही. बाहेर उंचावर लावलेला अँटेना, विजेवर चालणारे वर्धक यंत्र आणि घरातील दुसरा अँटेना अशा तीन भागांचे 'बूस्टर' किंवा 'रिपीटर' खरोखर काम करते. बाहेरची क्षीण लहर ग्रहण करून ते ती विजेच्या साहाय्याने प्रबळ करते. पट्टी आणि हे यंत्र यांतील मूलभूत फरक हाच.

परंतु हे यंत्र कोणीही आणून बसवावे, अशी मुभा नाही. केंद्रीय दूरसंचार विभागाने १ जुलै २०२२ रोजी जनतेसाठी काढलेल्या सूचनेत स्पष्ट केले आहे की, परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज अन्य कोणीही असे बूस्टर बाळगणे, विकणे वा वापरणे बेकायदेशीर आहे. यामागील हेतू समजून घेण्यासारखा आहे. अयोग्य रीतीने बसविलेला बूस्टर टॉवरच्या कानापाशी सतत गोंगाट करतो आणि त्यामुळे परिसरातील इतरांची संभाषणे तुटतात. एका घराची सोय ही साऱ्या वाडीची गैरसोय होते. घरात वा कार्यालयात अशा यंत्राची खरोखर गरज असेल, तर आपल्या दूरसंचार कंपनीकडेच मागणी करावी.

नागरिकांनी काय करावे?

रेंज कमी असलेल्या ठिकाणी पुढील साध्या उपायांचा निश्चित उपयोग होतो आणि त्यांना पैसा लागत नाही.

एक : टॉवर कोणत्या दिशेला आहे याची माहिती करून घ्यावी व त्या बाजूच्या खिडकीजवळ किंवा अंगणात येऊन बोलावे. पत्र्याच्या छपराखालून उघड्यावर येणे, तळमजल्यावरून माडीवर जाणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

दोन : रेंज अकारण कमी वाटल्यास मोबाइल क्षणभर 'विमान स्थिती'त टाकून पुन्हा पूर्ववत करावा. तो टॉवरचा शोध नव्याने घेतो.

तीन : धातूची आवरणे, धातूची कडी व चुंबकाच्या पट्ट्या पाठीवर लावू नयेत. अँटेना ज्या कडेला असेल, ती कड तळहाताने झाकू नये.

चार : घरी तारेचे ब्रॉडबँड असल्यास मोबाइलमधील 'वाय-फाय कॉलिंग'ची सोय सुरू करावी. मग टॉवरची रेंज नसतानाही घरातून नेहमीच्या क्रमांकावरून बोलता येते.

पाच : संकटसमयी ११२ हा क्रमांक लावून पाहावाच. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी तेथे दुसऱ्या कंपनीची असल्यास तिच्या जाळ्यातून हा क्रमांक लागू शकतो. रेंज नाही म्हणून प्रयत्नच न करणे धोक्याचे ठरेल.

जेथे लहरच पोहोचत नाही, तेथे मात्र वैयक्तिक उपाय अपुरे पडतात. रस्ता एकट्याने बांधता येत नाही, तशी रेंजही एकट्याने आणता येत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या विनियमांनुसार कंपन्यांनी आपली सेवा कोठे उपलब्ध आहे, याचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयाचे आहेत. आपला वाडा त्या नकाशात कसा दाखविला आहे, हे पाहावे. नकाशात सेवा दाखविली असून प्रत्यक्षात ती मिळत नसेल, तर कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक टिपून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची तरतूद २०१२ च्या विनियमांत आहे.

नकाशात आपला वाडा नसेल, तर विषय ग्रामसभेत मांडावा. कोणत्या वाड्यावर, कोणत्या कंपनीची रेंज, कोणत्या जागी किती भरते, याचे टाचण शाळेतील विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार करून ते ठरावासोबत जोडावे. नुसत्या 'रेंज नाही' या वाक्यापेक्षा असे टाचण अधिकाऱ्यांना अधिक उपयोगी पडते. चौथ्या पिढीची सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. जेथे टॉवर उभारणे व्यापारी कंपन्यांना परवडत नाही, तेथे शासनाने खर्च उचलावा, हे तत्त्व त्यामागे आहे. हे तत्त्व आपल्या वाड्यापर्यंत पोहोचावयाचे, तर मागणी नोंदलेली असली पाहिजे.

पट्टीची किंमत फार नसते. म्हणून 'लावून पाहावयास काय हरकत आहे?' असे म्हटले जाते. हरकत अशी की, पट्टी लावणारा माणूस आपली अडचण सुटली असे समजून स्वस्थ बसतो आणि ज्या रात्री घरातील आजाऱ्यासाठी वाहन बोलवावयाचे असते, त्या रात्री ती सुटलेली नव्हती हे त्याला कळते. पट्टीवर खर्च झालेला पैसा भरून निघतो, परंतु तिच्या भरवशावर न झालेली तक्रार व न मांडलेला ठराव यांची भरपाई होत नाही. लहर टॉवरवरून येते, चिकटविलेल्या वर्खातून येत नाही, एवढे जाणून गावाने आपली मागणी योग्य त्या दारी न्यावी.